दोन फुटाला एक सूत कमी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना? लिहिणं का थांबलं?" तब्येत उत्तम आहे. मी चक्क कॉम्प्युटरवर कपाटं काढायला शिकत होते! वय त्र्याहत्तर, मराठी माध्यमातली बी.ए., सारा जन्म शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेला. आणि या वयात विषय कोणता, तर फर्निचरच्या छोट्या कारखान्यासाठी शिकायला सोपं असं डिझाइनचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं! हसू नका. तुमच्याही नात्यागोत्यात सुतारकाम करणारं एखादं घर असेलच, आणि तिथेही आज ना उद्या हा वाद होणार आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं माहेर सुतारांचं. आमच्या मराठवाड्यात जुनी घरं खणांवर मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. "सात खणाचं माळवद करायचंय" एवढं घरधनी बोलला की सुताराला सगळं कळायचं. किती खांब, किती तुळया, किती किलचणं. नकाशा नाही, कागद नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, तेव्हा घरं अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची आली. खणांची भाषा गेली, चौरस फुटांची आली. मी तेव्हा लातूरलाच नोकरीत होते. माझे वडील तोवर थकले होते. ते एवढंच म्हणाले होते, "आता घर आधी कागदावर उभं राहणार." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

वडिलांमागे थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या दादांनी, नांदेडला दुकान टाकलं. आधी दारं-खिडक्यांच्या चौकटी, मग दिवाण, मग कपाटं. २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचं रूप पालटलं. पुढे फ्लॅट वाढले आणि गिऱ्हाईक 'मॉड्युलर' हा शब्द बोलू लागलं. आता दुकान भाचा बघतो. दादा एकोणऐंशीचे आहेत, पण रोज सकाळी कारखान्यात जाऊन बसतात. मापं सगळी तोंडपाठ. पेन्सिल कानावर आणि हिशेब डोक्यात.

गेल्या दिवाळीनंतर दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे लातूरला आले होते. नेमक्या त्याच दिवसांत भाच्याने एका फ्लॅटचं काम घेतलं. बेडरूममध्ये भिंतीत नऊ फुटांचा कोनाडा होता, त्यात तीन-तीन फुटांची तीन कपाटं बसवायची. गिऱ्हाइकाला रंगीत चित्र हवं होतं, म्हणून भाच्याने बाहेरच्या एका मुलाकडून डिझाइन करून घेतलं. चित्र इतकं सुंदर की गिऱ्हाइकाने जागेवर आगाऊ रक्कम दिली. चित्रात कपाटावर फुलदाणी होती, खिडकीतून ऊन येत होतं. फक्त बाहेरच्या बाजूंना लावायच्या मायक्याची जाडी कुणी धरली नव्हती. एक मिलिमीटरचा मायका, तीन कपाटांच्या सहा बाजू, म्हणजे सहा मिलिमीटर! वर भिंत गुण्यात नव्हती. कमरेच्या उंचीला माप बरोबर नऊ फूट, आणि छताजवळ तीन सूत कमी. दोन कपाटं बसली, तिसरं आत जाईना. ते नव्याने करावं लागलं. चार शीट प्लाय, मायका आणि तीन दिवसांची मजुरी पाण्यात गेली. वास्तुशांतीचा मुहूर्त टळला तो वेगळाच.

दादा परत गेले आणि कारखान्यात जे व्हायचं ते झालं. दादा म्हणाले, "त्या डबड्यावर चित्रं बघत बसतोस, भिंतीला ओळंबा लावून बघितलास का?" भाचा म्हणाला, "तुम्ही होतात का इथं? सगळं तुमच्या डोक्यात. आम्ही काय तुमचं डोकं फोनवरून वाचायचं?" दोघंही खरं बोलले. म्हणूनच ते जास्त लागलं. आठ दिवस बोलणं बंद. भाच्याने पुण्याच्या एका फर्निचर कारखान्यात नोकरीची चौकशीही करून ठेवली होती. शेवटी सूनबाईचा फोन आला. "आत्या, तुम्ही या. तुमचंच दोघं ऐकतात."

एस.टी.ने अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. समजूत घालायला म्हणून गेले होते, पण एक गोष्ट लवकरच लक्षात आली. भांडण बाप-लेकाचं नव्हतं. माप कुणाच्या हातात राहणार याचं होतं. आणि त्याला समजुतीचा उपयोग नाही, काहीतरी व्यवस्था करावी लागते.

त्यात एक नवं काम चालून आलं होतं, तेही आमच्या लातूरचं. 'लातूर पॅटर्न' सगळ्यांना ठाऊक आहे. गावोगावची मुलं शिकायला येतात, खोल्या करून राहतात आणि अभ्यासिकेत जाऊन बसतात. अशाच एका नव्या अभ्यासिकेला चाळीस टेबलं हवी होती. चार ओळी, ओळीत दहा टेबलं, दोन टेबलांमध्ये उभी फळी, वर पुस्तकांचा कप्पा. काम मोठं होतं आणि त्यात चूक परवडणार नव्हती. हे काम बुडालं असतं तर भाचा पुण्याला गेलाच असता, हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं.

भाच्याने चार-पाच सॉफ्टवेअरची नावं काढून ठेवली होती आणि कोणतं घ्यावं ते ठरत नव्हतं. जो तो आपण वापरतो तेच चांगलं म्हणून सांगतो! मग मी मास्तरीणपणा केला. म्हटलं, सगळ्यांची परीक्षा घेऊ. एकच प्रश्नपत्रिका, सगळ्यांना सारखी: अभ्यासिकेचं एक टेबल काढा, त्याची चाळीस करा आणि कापायची यादी द्या. परीक्षक दादा. पेपर सोडवणारी सूनबाई, कारण तिचं बी.कॉम. झालेलं, हिशेब तिच्याकडे आणि दुपारचे दोन तास मोकळे. भाचा दिवसभर मशीनवर नाहीतर साइटवर. सॉफ्टवेअर कुणासाठी घ्यायचं याचं उत्तर तिथेच मिळालं. मालकासाठी नव्हे, जो रोज बसणार त्याच्यासाठी.

गुण कशाला द्यायचे तेही आधीच लिहून काढलं. चित्राच्या सौंदर्याला शंभरपैकी दहाच. कापायच्या यादीला चाळीस. आपल्या मापात, म्हणजे फूट-इंच-सुतात, बोलतं का, त्याला वीस. लाइट किंवा इंटरनेट गेलं तर काम अडतं का, त्याला दहा. आणि धंद्यात वापरायची रीतसर परवानगी आणि त्याची किंमत, याला वीस.

पहिला विद्यार्थी 'स्वीट होम थ्री-डी'. हे मोफत आहे, खुल्या परवान्याचं आहे, कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. भिंती ओढायच्या, तयार सामान उचलून ठेवायचं, लगेच खोली उभी दिसते. सूनबाईने पहिल्याच दुपारी अभ्यासिकेचा हॉल काढून दाखवला. चार ओळींमध्ये माणूस जायला वाट किती उरते ते स्पष्ट दिसलं. पण हे घर सजवायचं साधन आहे. टेबल कुठे ठेवायचं ते सांगेल, टेबल कसं कापायचं ते नाही. चाळीस गुणांचा प्रश्न कोराच राहिला.

दुसरा 'स्केचअप'. मूळचं अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं, २००० सालातलं. २००६ मध्ये ते गूगलने घेतलं आणि २०१२ मध्ये ट्रिंबल या कंपनीकडे गेलं. यातली गंमत अशी, की सपाट चौकोन काढायचा आणि तो धरून वर ओढायचा, की फळी तयार! दादा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "असं ओढून लाकूड वाढलं असतं तर काय पाहिजे होतं!" पण त्यांना ते पटलं, कारण इथे एकेक फळी वेगळी राहते. कारखान्यात जशी जोडतो तशीच जोडायची. एका फळीचा 'कंपोनंट' केला की त्याच्या सगळ्या प्रती एकाच साच्यातल्या होतात. साचा बदलला की सगळ्या बदलतात. मापाचं एकक इंचाच्या अपूर्णांकात ठेवून अचूकता एक अष्टमांश केली, की पडद्यावर थेट सुताचंच माप! कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बिजागऱ्या आणि चॅनेल मिलिमीटरमध्ये येतात, तेव्हा एकक बदलून घ्यायचं.

पण याची मोफत आवृत्ती ब्राउझरमध्ये, म्हणजे इंटरनेटवर चालते आणि ती धंद्यासाठी नाही, फक्त स्वतःच्या शिकण्या-करण्यापुरती. जुनी उतरवून घ्यायची मोफत आवृत्ती २०१७ ची शेवटची, तिलाही हीच अट. धंद्यासाठी दर वर्षी वर्गणी भरावी लागते. आणि कापायची यादी काढून देणारी 'ओपनकटलिस्ट' ही जोड मोफत असली तरी ती चालते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आवृत्तीत, ब्राउझरमधल्या मोफत आवृत्तीत नाही.

तिसरा 'फ्रीकॅड'. २००२ पासून जगभरची मंडळी मिळून ते घडवताहेत आणि त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. पूर्ण मोफत, धंद्यालाही मोफत, इंटरनेट नको. मापं एका तक्त्यात लिहायची आणि तक्त्यातली रुंदी बदलली की अख्खं कपाट बदलतं. सुतारकामासाठी वेगळी जोडही मिळते. गुणी मुलगा, पण अबोल! सूनबाई तीन दुपारी त्याच्याशी झटली, तरी टेबलाचे पाय पूर्ण झाले नाहीत. नवशिक्याने इथून सुरुवात केली तर तो कंटाळून उठून जाईल असं माझं मत झालं.

आयटीआयमध्ये शिकून आलेल्या एका कारागिराने ऑटोकॅडचं नाव सुचवलं होतं. १९८२ पासूनचं नावाजलेलं सॉफ्टवेअर आहे. पण त्याचीही २०१६ पासून वर्गणीच भरावी लागते आणि आमच्या टेबलासाठी ते म्हणजे लिंबू कापायला तलवार. त्याला परीक्षेला बसवलं नाही.

"आत्या, कुणीतरी फुकट टाकून देतो म्हणायलाय," भाच्याने हळूच सांगून पाहिलं. चोरीची प्रत, दुसरं काय! मी म्हटलं, आपल्या कारखान्यातून कुणी रंधा उचलून नेला तर तू काय म्हणशील? शिवाय अशा प्रतीबरोबर काय काय कॉम्प्युटरमध्ये शिरेल याचा नेम नाही, आणि उद्या बंद पडली तर दाद कुणाकडे मागायची? तो विषय तिथेच संपला.

सूनबाईने महिनाभर मोफत स्केचअपवर हात बसवला. सराव म्हणून तिने घरातलंच देवघर काढलं, धान्याची कोठी काढली. सगळं इंग्रजीत असल्याने आम्ही दोघींनी एक वही केली. डाव्या बाजूला पडद्यावरचा शब्द देवनागरीत, उजव्या बाजूला आपला. 'पुश-पुल'ला ओढ-ढकल, 'कंपोनंट'ला साचा, 'टेप मेजर'ला टेप, 'ग्रुप'ला गठ्ठा. व्याकरण शिकवताना मी मुलांना सांगत असे, नाव कळलं की भीती अर्धी होते. ते इथेही खरं ठरलं.

अभ्यासिकेची आगाऊ रक्कम आली, तेव्हा भाच्याने एक वर्षाची वर्गणी भरली. वाया गेलेलं तिसरं कपाट डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे खर्च जड वाटला नाही. आता खरी परीक्षा.

काम प्री-लॅम बोर्डाचं होतं, शीट आठ बाय चारची. उभी फळी चार फूट उंच, दोन फूट रुंद. एका ओळीत दहा टेबलं, म्हणजे फळ्या अकरा. चार ओळींच्या चव्वेचाळीस. माझं शाळेतलं गणित सरळ होतं. शीट बत्तीस चौरस फुटांची, फळी आठ चौरस फुटांची. एका शीटमध्ये चार फळ्या, चव्वेचाळीस फळ्यांना अकरा शीट. सूनबाईने यादी काढली, करवतीच्या पात्याची जाडी तीन मिलिमीटर भरली, आणि कॉम्प्युटर म्हणाला पंधरा शीट! भाच्याचा चेहरा पडला. त्याने गिऱ्हाइकाला भाव अकराच्या हिशेबाने दिला होता.

दादा खुर्चीत बसून चहा पीत होते. म्हणाले, "एका शीटात किती दाखवायलाय?"

"तीन."

"बरोबर सांगायलाय की मग." आणि हसले. "करवत काय उपाशी राहते का? ती दर वेळी एक सूत खाते. दोन-दोन फुटाच्या चार फळ्या आठ फुटात कशा बसतील? तीन निघतात आणि चौथी सुता-सुताने कमी पडते. दोन फुटाला एक सूत कमी धर."

सूनबाईने साच्याची रुंदी एका सुताने कमी केली. सगळ्या चव्वेचाळीस फळ्या एका क्षणात बदलल्या. पुन्हा यादी काढली. अकरा शीट.

कुणी काही बोललं नाही. भाचा पडद्याकडे बघत होता आणि दादा कपाकडे. मला मात्र तेव्हा नीट समजलं, की या सगळ्या खटाटोपातून आम्हाला काय मिळवायचं होतं. कॉम्प्युटरने नुकसान दाखवलं, ते सात-आठ दिवस आधी, एकही शीट न कापता. पण ते टाळायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला दोन फूट सांगितले की तो दोन फूटच धरणार. अभ्यासाला बसणाऱ्या मुलाला फळी एका सुताने अरुंद आहे हे जन्मात कळणार नाही, हे फक्त सुताराला माहीत. माप कुठे सोडता येतं आणि कुठे सोडायचं नाही, ही अक्कल दादांची. आणि त्यांच्या डोक्यातली ती गोष्ट इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये लिहिली गेली.

त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानांवर दादांचे नियम उतरवायला सुरुवात केली. भिंतीचं माप तीन ठिकाणी घ्यायचं, खाली, मध्ये आणि वर, आणि त्यातलं सगळ्यात कमी ते धरायचं. कोपऱ्याला गुण्या लावल्याशिवाय माप लिहायचं नाही. मायक्याची जाडी आधी वजा करायची. कपाटाची आतली फळी कापताना बाहेरच्या मापातून दोन्ही बाजूंच्या प्लायची जाडी काढायची. अठरा मिलिमीटरच्या दोन फळ्या म्हणजे छत्तीस, एक इंच तीन सुतांहून थोडं जास्त. मायक्याच्या उभ्या रेघा असतील तर फळी आडवी फिरवून शीट वाचवायची नाही, दिसायला वाईट दिसतं. सूनबाई एकेक नियम सॉफ्टवेअरमध्ये कुठे भरता येतो ते बघते. जे भरता येत नाहीत ते कापायच्या यादीच्या माथ्यावर मराठीत छापते. ती यादी मशीनजवळ भिंतीवर लागते, ठळक अक्षरात. नव्या डोळ्यांनी दादा ती वाचतात आणि वाचून झाल्यावर खाली सही करतात. सही असल्याशिवाय करवत सुरू करायची नाही, असा नियम भाच्यानेच केला.

अभ्यासिकेचं काम वेळेत झालं. मी मुद्दाम जाऊन बघून आले, मुलं माना खाली घालून बसली होती. भाचा पुण्याला गेला नाही, निदान यंदा तरी नाही. बाप-लेक गोडीगुलाबीने वागतात असं म्हणणार नाही, पण आता भांडण मापावरून होतं आणि पडद्यासमोर बसून होतं.

आता तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा प्रश्न असेल तर थोडक्यात सांगते. पैसे खर्च करायचे नसतील तर स्वीट होम थ्री-डीवर खोली दाखवा आणि कापायची यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये करा. मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्येही होते. थोडे पैसे असतील आणि रोज कपाटं करत असाल, तर स्केचअप नवशिक्याला सगळ्यात लवकर जमतं. आधी मोफत आवृत्तीवर शिका, काम घ्यायला लागलात की रीतसर वर्गणी भरा. घरात चिकाटीचं तरुण पोर असेल तर त्याला फ्रीकॅडला लावा, लांबचा विचार केला तर तेच स्वस्त पडेल. आणि कोणतंही घेतलंत तरी पहिल्या दिवशी स्वतःचंच एखादं जुनं, झालेलं काम त्यात काढून बघा. यादी तुमच्या जुन्या यादीशी जुळली तरच पुढे जा.

फ्रीकॅड सोप्या मराठीत समजावून सांगणारं काही तुमच्या माहितीत असेल तर मला जरूर कळवा. सूनबाई म्हणतेय, पुढच्या उन्हाळ्यात तेही शिकू. वही अजून निम्मी कोरी आहे.

तूर्तास एवढंच. सगळ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.